चादर मळवायची नोकरी

रोज सकाळी कामावर पोचल्या पोचल्या धुलाईताई एक धुतलेली, कडक इस्त्रीची, पांढरीशुभ्र चादर घ्यायची आणि अंगणातल्या मातीत लोळवायची. मग तिच्यावर चहाचा चोथा चोळायची, एखाद्या कोपऱ्याला चुलीची काजळी फासायची. शाळेची बस फाटकाशी येईस्तोवर चादरीचा अवतार असा झाला पाहिजे, की बघताक्षणी पोरांच्या तोंडून "ईऽऽऽ" निघालं पाहिजे. "ईऽऽऽ" आलं नाही, तर कार्यक्रम पडला म्हणून समजायचं.

जगातल्या बाकीच्या बायका चादरी धुऊन दमतात. ही आधी मळवून दमायची, मग धुऊन दमायची. घरी तिच्या नवऱ्याने शर्टावर आमटी सांडली की तो म्हणायचा, "अगं, बघ ना, तुझं अर्धं काम मी करून ठेवलं." नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासायला होता. दिवसभर दुसऱ्यांना स्पष्ट दिसावं म्हणून राबायचा आणि घरी आला की त्याला समोरचा तांब्या दिसायचा नाही.

धुलाईताईची ही नोकरी गावाबाहेरच्या मोठ्या बंगल्यात होती. एकेकाळी तिथे एक श्रीमंत घराणं राहायचं. बाग, तबेला, स्वयंपाकघर, धुलाईघर, विहीर, सगळं एकाच कुंपणात. आता त्याचं संग्रहालय झालं होतं आणि शाळांच्या सहली यायच्या. मुलांनी नुसतं काचेआडचं बघून जांभया देऊ नयेत म्हणून बंगल्याच्या शिक्षण विभागाने एक कार्यक्रम काढला होता, 'त्या काळचा एक दिवस'. मुलं स्वयंपाकघरात लोणी काढायची, तबेल्यात लाकडी घोड्याला खरारा करायची. आधी खरा घोडा होता, पण तो चावायचा. लाकडी आल्यापासून तक्रार नाही. लेखनखोलीत बोरू शाईत बुडवून अक्षरं काढायची. आणि धुलाईघरात मुलं धुणं धुवायची, म्हणजे पाणी एकमेकांच्या अंगावर उडवायची. चादर धुवायची ती धुलाईताईच.

तिला हे काम करायचंच नव्हतं. इतिहास घेऊन ती पदवीधर झाली होती आणि 'शिक्षण सहायक पाहिजे' अशी जाहिरात वाचून आली होती. मनात चित्र असं, की आपण गालिच्यावरून चालत मुलांना तसबिरी दाखवतोय, जुन्या पत्रांबद्दल सांगतोय. पहिल्या दिवशी कुणीतरी तिच्या हातात एप्रन ठेवला. "आजच्या दिवस जरा धुलाईघर सांभाळा. तिथली बाई बाळंतपणाच्या रजेवर गेलीय."

ते बाळ आता दाढी करतं.

दरम्यान बंगल्यात, गल्लीत, वाण्याच्या दुकानातसुद्धा तिला धुलाईताईच म्हणायला लागले. खरं नाव फक्त मतदार यादीत राहिलं.

बंगल्याचा एक नियम होता आणि तो फार कडक होता. एकदा त्या काळचे कपडे अंगावर चढवले की माणसाने त्याच काळात राहायचं. मुलांसमोर भूमिका सोडायची नाही, आभाळ कोसळलं तरी नाही. एखाद्या पालकाचा मोबाइल वाजला, की धुलाईताईने दचकून म्हणायचं, "अगं बाई, एवढ्याशा डबीत माणूस कोंबलाय की काय?" एकदा तबेल्यात विजेच्या वायरने पेट घेतला. गाडीवान झालेला माणूस बिचारा नियमाने ओरडत राहिला, "अहो धावा, भिंतीत विस्तव शिरला!" मुलांनी टाळ्या वाजवल्या. शिक्षिकेने फोटो काढला. धूर खिडकीतून कचेरीत शिरला, तेव्हा कुठे आग विझवायचं लाल नळकांडं आलं.

हा नियम केला होता किल्लीमॅडमने. किल्लीमॅडम शिक्षण विभागाची प्रमुख. वयाने धुलाईताईपेक्षा पुष्कळ लहान, संग्रहालयशास्त्र शिकून आलेली, हुशार, धडपडी. कार्यक्रमात ती घरची कारभारीण व्हायची आणि कमरेला किल्ल्यांचा जुडगा लावायची. जुडगा नाटकातला असला तरी किल्ल्या खऱ्या होत्या. बंगल्याची सगळी दारं तिच्याच कमरेला लटकायची, म्हणून ते नाव. एरवी ती धुलाईताईला "ताई, तुम्ही" म्हणायची. कारभारणीच्या वेषात आली की "काय गं ए धुलाईवाली, अजून खळ घातली नाहीस?" दोन्ही वाक्यांच्या मध्ये कधीकधी फक्त एक उंबरठा असायचा. धुलाईताईला त्याचं काही वाटत नसे. नोकरी आहे, चालायचंच. तिचं दुखणं वेगळं होतं, ते हातांना होतं.

धुण्याचा सोडा, गरम पाणी, नीळ, मग गार पाणी, पुन्हा सोडा. दिवसातून दोनदा, कधी तीनदा. हातांची सालं निघायची. बोटांच्या पेरांना चिरा पडल्या होत्या. भाजीत मीठ टाकताना ती चमचा वापरायची, कारण मीठ चिमटीत धरवत नसे. डॉक्टरांनी हात उलटेपालटे करून बघितले आणि विचारलं, "तुम्ही नक्की काय करता?"

"संग्रहालयात शिक्षण सहायक आहे."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुन्हा हात बघितले. "कसलं शिक्षण देता हो? हे पाण्यातलं काम सोडा. मलम देतो, पण रात्री मलम आणि सकाळी सोडा, तर मी मलम देतो कशाला?"

तिने किल्लीमॅडमला रबरी हातमोजे मागितले. किल्लीमॅडमला खरंच वाईट वाटलं. "पण ताई, त्या काळी हातमोजे नव्हते हो." मग तिने बदली मागितली. किल्लीमॅडमने तिचा हात हातात घेतला, हळूच, चिरा न दुखवता. "ताई, तुमच्यासारखं दुसरं कोण करणार?"

माणसाला गाडायला मोठा खड्डा लागत नाही. एवढं एक वाक्य पुरतं.

अशातच लेखनखोलीतले बोरूमामा निवृत्त व्हायची वेळ आली. गोरेपान, मिश्किल म्हातारे. बंगल्यातली सगळ्यात सुखाची जागा त्यांची. पूर्वेची खिडकी, कोरडी जमीन, मोठं टेबल. आणि खुर्ची. धुलाईघरात खुर्ची नव्हती, कारण त्या काळची धुलाईवाली बसत नसे. बोरूमामा म्हणाले, "ताई, माझ्यानंतर तूच बस इथे. तुझं अक्षर चांगलं आहे. आणि इथे फक्त शाई सांडते, ती टिपली की झालं."

तिथून धुलाईताईच्या डोक्यात एकच गोष्ट बसली. लेखनखोली मिळाली तर हात वाचतील. नाही मिळाली तर या हातांनी आणखी किती दिवस रेटायचं, ते तिला दिसत होतं. घरात नवऱ्याच्या एकट्या पगारावर भागण्यासारखं नव्हतं, त्यामुळे सोडून जायचीही सोय नव्हती. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

नवऱ्याने जेवताना तोडगा काढला. "तू काम वाईट कर."

"म्हणजे?"

"लग्नानंतर तू मला एकदा चहा करायला सांगितला होतास. मी असा केला, असा केला, की तू परत कधी सांगितलास का?"

"म्हणजे तो मुद्दाम केला होता?"

नवऱ्याने आमटीची वाटी जवळ ओढली. काही गुपितं संसारात उघड करायची नसतात, हे त्याला उशिरा कळलं.

तरी तिने प्रयत्न केला. दुसऱ्या दिवशी चादर नुसती बुचकळली, काजळीचा डाग तसाच ठेवला, मुलांना काही सांगितलं नाही. पुढच्या रांगेतली एक चिमुरडी म्हणाली, "तो डाग राहिलाय. तुला जमत नाहीये का? थांब, आम्ही मदत करतो." आणि सगळा वर्ग बाह्या सरसावून टबात उतरला. शिक्षिका निघताना किल्लीमॅडमला म्हणाल्या, "मुलांना चूक शोधायला लावायची ही पद्धत फार आवडली." झालं. वाईट करायला गेली, तर तेही शैक्षणिक निघालं.

मग तिने ठरवलं, सरळ धाकट्या मालकांशी बोलायचं. धाकटे मालक म्हणजे त्या घराण्यातले शेवटचे, संग्रहालयाच्या मंडळाचे अध्यक्ष. पंच्याहत्तरी उलटली होती, पण थोरल्या मालकांची तसबीर भिंतीवर असल्यामुळे हे अजून धाकटेच. महिन्यातून एकदा येत, सगळीकडे फिरत, शेवटी कचेरीत बसून चहा घेत आणि कुणाला काय हवं-नको ते विचारत. लेखनखोली कुणाला द्यायची, तेही तेच ठरवणार होते. धुलाईताईने बेत आखला. धुलाईघरातला कार्यक्रम संपला की कपडे बदलायचे, स्वच्छ हात-तोंड धुऊन कचेरीत जायचं आणि बोलायचं. आरशासमोर तिने वाक्यं घोटून ठेवली. नवरा पलंगावर बसून मालक झाला होता आणि पहिल्याच वाक्याला "मंजूर!" म्हणत होता.

त्या दिवशी मालक आले. धुलाईघरात शाळा भरलेली होती. किल्लीमॅडम कारभारणीच्या वेषात त्यांच्या शेजारी. धुलाईताई चादर पिळत होती. तेवढ्यात किल्लीमॅडम तिच्याजवळ येऊन कुजबुजली, "मालक आज कचेरीत येत नाहीयेत. त्यांना दाताच्या डॉक्टरकडे जायचंय, इथूनच निघतात."

धुलाईताईच्या हातातला पीळ सुटला. मालक काठी टेकत वळलेच होते. पुन्हा महिनाभर येणार नाहीत, तोवर लेखनखोली कुणाची तरी झालेली असेल. तिने चादर टबात टाकली.

"मालक, थांबा."

मालक थांबले. मुलांनी पाणी उडवायचं थांबवलं. किल्लीमॅडमने भुवया वर केल्या.

"मालक, मला इथून बाहेर काढा. हे हात बघा माझे. रात्री झोप लागत नाही, इतके झोंबतात. किती वर्षं मी हेच करतेय, हीच चादर, हाच टब. मी माणूस आहे. मला कोरड्या जागेत बसून काम करू द्या."

तिने दोन्ही हात पुढे केले. मालक वाकून बघत राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते वळून शाळेच्या मुलांना म्हणाले, "बाळांनो, बघा. आमच्या वाडवडिलांच्या घरात राबणाऱ्या माणसांचं दुःख हे असं होतं. कुणी त्यांना विचारलं नाही." आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. मग शिक्षकांनी वाजवल्या. मग मुलांनी.

"मालक, हे नाटक नाही!" धुलाईताई कळवळून म्हणाली.

टाळ्या वाढल्या.

"अहो, मी खरं सांगतेय! मी पदवीधर आहे!"

मालक खो खो हसले. "वा! त्यातही विनोद सोडला नाही. वा!" डोळे पुसत, दुखरा गाल धरत ते गाडीत जाऊन बसले.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात, ते धुलाईताईने अक्षरशः करून दाखवलं होतं.

पुढच्याच आठवड्यात कार्यक्रमाला नवं नाव लागलं, 'धुलाईवालीची कैफियत'. किल्लीमॅडमने तिचंच बोलणं टाइप करून तिच्या हातात दिलं. "पदवीधर"चं वाक्य तेवढं कापलं होतं, त्या काळाला धरून नव्हतं म्हणून. शेवटी नवी भर अशी: मुलांनी मत द्यायचं. कारभारीण विचारणार, "मुलांनो, हिला सोडायचं का?" मुलं काय ते बोलणार, तबेल्यातून गाडीवान घंटा वाजवणार, मुलं पुढच्या खोलीकडे निघणार.

मुलं रोज "होऽऽऽ" म्हणायची. एकही वर्ग कधी "नाही" म्हणाला नाही. दिवसातून दोनदा धुलाईताईची एकमताने सुटका व्हायची, घंटा वाजायची, मुलं लोणी काढायला पळायची आणि धुलाईताई टबातलं पाणी उपसून पुढच्या शाळेसाठी तीच चादर पुन्हा मळवायला घ्यायची.

शाळांची रांग लागली. शिक्षक एकमेकांना सांगायला लागले, "मुलांना माणुसकी शिकवायची असेल तर तिथे न्या." दूरदूरहून बसेस यायला लागल्या. आणि जेवढ्या बसेस, तेवढा सोडा.

पहिले काही दिवस ती ते मनापासून म्हणायची. कुणीतरी, एखादा तरी मोठा माणूस टाळ्या न वाजवता पुढे येईल, असं तिला वाटायचं. तिला एक शिक्षक आठवत होते, त्यांनी खरंच जवळ येऊन हात निरखले होते. तिने हात आणखी पुढे केले. ते म्हणाले, "मेकअप फार सुंदर केलाय."

मग हळूहळू शब्द झिजले. "मला इथून बाहेर काढा" म्हणताना ती मनात घरातल्या सिलिंडरचा विचार करू लागली. हात पुढे करताना बोटं आपोआप पसरायची, मागच्या रांगेला दिसावीत म्हणून. याहून वाईट घरी झालं. एका संध्याकाळी ती सहज नवऱ्याला म्हणाली, "अहो, हात इतके झोंबतायत." आणि तिचं तिलाच ते ऐकू आलं. त्याच चालीत, तोच ठेका, "इतके"वर तेवढाच जोर. ती मध्येच थांबली. खरं वाक्य होतं, पण तिच्या तोंडात आता ते दुसऱ्याचं झालं होतं. रडण्यासाठीसुद्धा स्वतःचे शब्द राहिले नव्हते.

नवरा एकदा फुकटच्या पासावर कार्यक्रम बघून आला होता. त्या दिवसापासून त्याने विनोद जरा कमी केले होते. आता तो उठला, मलमाची डबी आणली आणि तिच्या एकेका बोटाला मलम लावत बसला. चष्मा नव्हता, त्यामुळे निम्मं मलम सतरंजीला लागलं.

दुसऱ्या दिवशी कामावर गेल्यावर तिने एप्रन घातला नाही. आपल्या कपड्यांत, पर्स खांद्याला लावून ती कचेरीत गेली. नियम असा होता की एप्रनमध्ये बोललेलं नाटक. मग एप्रनशिवाय बोललेलं तरी खरं धरतील.

"मॅडम, त्या दिवशी मी मालकांना जे बोलले, ते नाटक नव्हतं."

किल्लीमॅडम कारभारणीचा झगा घालत होती. एक हात बाहीत, एक बाहेर. ती तशीच थांबली. "मला माहितेय, ताई."

"काय माहितेय?"

"नाटक करता तेव्हा तुम्ही डावा हात कमरेवर ठेवता. त्या दिवशी ठेवला नव्हता." तिने बाही ओढली. "मला तिथल्या तिथेच कळलं होतं."

धुलाईताईला बसावंसं वाटलं. कचेरीत खुर्च्या होत्या, पण तिला सवय नव्हती. ती उभीच राहिली. "कळलं होतं, तरी तेच मला टाइप करून दिलंत?"

"मालक टाळ्या वाजवत होते, ताई. मी काय त्यांचे हात धरू? आणि खरं सांगू का? मंडळ दर वर्षी हा विभाग बंद करायला निघतं. म्हणतात, शिक्षण-बिक्षण शाळेत घ्या, इथे लग्नाला हॉल भाड्याने देऊ. या वर्षी पहिल्यांदा कुणी बोललं नाही. तुमच्यामुळे. तबेला, स्वयंपाकघर, गाडीवानाची नोकरी, माझी नोकरी, सगळं तुमच्या टबावर उभं आहे."

"आणि लेखनखोली? मामा निवृत्त होऊन किती दिवस झाले. तिथे कुणाला नेमलं?"

"कुणालाच नाही. योग्य माणूस मिळेपर्यंत बंद ठेवा, असं मालक म्हणालेत." किल्लीमॅडमने जुडगा कमरेला अडकवला. तिचा चेहरा उतरला होता. "सहलींचे दिवस सरू द्या, ताई. मग बघू. प्रॉमिस."

सहलींचे दिवस सरले की उन्हाळी शिबिरं सुरू व्हायची. शिबिरं संपली की नव्या वर्षाच्या सहली. हे दोघींनाही ठाऊक होतं. धुलाईताई बाहेर आली, पर्स खुंटीला लावली, एप्रन बांधला आणि चादर मातीत टाकली. दुसरं करणार काय? आगीतून उठून फुफाट्यात जायला निदान फुफाटा तरी दिसावा लागतो. तिला तोही दिसत नव्हता.

असं पुष्कळ दिवस चाललं. थंडी वाढली, चिरा खोल गेल्या. आणि मग एके सकाळी अगदी लहान मुलांची एक शाळा आली. पहिली-दुसरीची मुलं असावीत. "ईऽऽऽ" झालं, धुणं झालं, कैफियत झाली. कारभारणीने कमरेवर हात ठेवून विचारलं, "मुलांनो, हिला सोडायचं का?"

"होऽऽऽऽ!"

तबेल्यातून घंटा वाजली. धुलाईताईने रोजच्यासारखा मुलांना नमस्कार केला आणि टबाकडे वळली. मुलं मात्र हलली नाहीत.

"मग जा ना," एक मुलगी म्हणाली.

"अं?"

"आम्ही सोडलं ना तुला? मग तू परत तिकडे कुठे चाललीस?"

दुसरा म्हणाला, "तिला कळलं नाही वाटतं. ए, तू सुटलीस! जा!"

मोठी मुलं मत देतात आणि लोण्याकडे पळतात. या वयाच्या मुलांना मत दिल्यावर ते झालेलं बघायचं असतं. शिक्षिकाही गालात हसत उभ्या राहिल्या, घाई करेनात. धुलाईताईने कारभारणीकडे बघितलं. कारभारणीने डोळ्यांनीच खुणावलं, जा जरा कोपऱ्यापर्यंत आणि ये परत.

ठीक आहे, म्हणून धुलाईताई निघाली. धुलाईघराच्या कोपऱ्यावरून वळायचं, भिंतीआड क्षणभर थांबायचं, मुलं गेली की परत यायचं. ती वळली. मागे बघते तो सगळा वर्ग तिच्या मागे, दोन-दोनच्या रांगेत, हात धरून.

"तुम्ही कुठे?"

"तुला सोडायला," मुलगी म्हणाली. "परत पकडलं तर?"

आता थांबता येईना. ती विहिरीपर्यंत गेली. रांग विहिरीपर्यंत आली. तबेला ओलांडला. गाडीवान घंटेची दोरी हातात धरून तोंड उघडं टाकून बघत राहिला. नियमाप्रमाणे त्याला काहीतरी त्या काळचं बोलायचं होतं, पण सुचेना. "कुठं निघालीस गं?" एवढंच म्हणाला.

"सुटली ती!" मुलांनी परस्पर सांगून टाकलं.

"तू जाणार कुठे पण?" मुलीने विचारलं. "तुझं घर कुठेय?"

धुलाईताईच्या टाइप केलेल्या कागदात हे नव्हतंच. कागद "हिला सोडायचं का?" इथे संपत होता. पुढचं कुणी लिहिलं नव्हतं. "मला ना," ती म्हणाली, आणि तिचा आवाज तिला अनोळखी वाटला, कारण त्याला चाल नव्हती, "मला लेखनखोलीत जायचंय. तिथे खुर्ची आहे."

"चला!" वर्ग म्हणाला.

लेखनखोलीच्या दाराला कुलूप होतं. धुलाईताई दाराशी उभी राहिली. इथवर आली होती खरी, पण पुढे कुलूप. मागे रांग. मुलं मात्र आपलं काम समजल्यासारखी दार वाजवायला लागली.

मागून किल्ल्यांचा खुळखुळाट आला. कारभारीण झगा सावरत, धापा टाकत आली. "काय गं ए धुलाईवाली..." तिने सुरुवात केली आणि वर्गाकडे बघून थांबली. एवढे सगळे चेहरे तिच्या कमरेकडे लागले होते.

"किल्ली तुमच्याकडे आहे," मुलगी म्हणाली. आरोप नव्हता त्यात, नुसती माहिती होती.

"आहे," कारभारीण म्हणाली.

"मग उघडा ना. तुम्हीच विचारलंत, सोडायचं का. आम्ही हो म्हणालो."

कारभारणीने धुलाईताईकडे बघितलं. धुलाईताईचा डावा हात कमरेवर नव्हता. दोन्ही हात खाली लोंबत होते, लाल, ओले, आणि ती ते कुणालाही दाखवत नव्हती. किल्लीमॅडमने जुडगा काढला, चाचपला, चुकीची किल्ली लावली, मग बरोबर लावली. दार उघडलं. आत बंद हवेचा, जुन्या कागदांचा वास होता. धुलाईताईने खिडकी उघडली आणि खुर्ची ओढून बसली.

बसल्यावर तिला कळेना, गुडघ्यांचं काय करायचं. किती तरी वर्षांत या आवारात ती बसली नव्हती.

मुलं टेबलाभोवती गोळा झाली. तिने दौतीत पाणी घालून वाळलेली शाई ढवळली, बोरू उचलला. बोटांच्या चिरांत शाई शिरली आणि असं झोंबलं की तिच्या तोंडून "आई गं" निघालं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मुलगी म्हणाली, "दुखतंय?"

"हो."

"मग हळू धर."

तिने हळू धरला.

किल्लीमॅडम दारातच उभी होती. बाहेर फाटकाशी दुसरी बस येऊन थांबली, हॉर्न वाजला. ती आत वाकून, मुलांना ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाली, "ताई, पुढची शाळा आली. धुलाईघर रिकामं आहे."

"मग तुम्ही जा, मॅडम."

"मी?"

"तुमचे हात चांगले आहेत." धुलाईताईने वर न बघता एक उभी रेघ काढली. "आणि दुसरी एक चादर आज सकाळीच मळवून ठेवलीय मी. नुसती धुवायची आहे."

परत हॉर्न वाजला. किल्लीमॅडमने मुलांकडे बघितलं, खुर्चीकडे बघितलं, आपल्या हातांकडे बघितलं. मग झग्याच्या बाह्या वर सारत ती पायऱ्या उतरली. "दुपारी बोलू आपण," असं म्हणाली. पण रागात की कशात, ते काही कळलं नाही.

ती गेली आणि धुलाईताईच्या लक्षात आलं की जुडगा दारालाच राहिलाय. बाहेरच्या बाजूला, किल्ली कुलपात तशीच. दुपारी बोलणं कसंही होवो, हे दार बाहेरून लावता येण्यासारखं होतं.

ती उठली. दाराशी जाऊन तिने जुडग्यातून ती एक किल्ली सोडवली आणि एप्रनच्या खिशात टाकली. बाकीचा जुडगा खुंटीला लावून ठेवला, मॅडमला लागेल म्हणून. मग येऊन परत खुर्चीत बसली.

"हं," ती मुलांना म्हणाली, "आता बोरू असा तिरपा धरायचा. आणि सांडली तर घाबरायचं नाही. टिपायला कागद आहे."